फुलपात्र : वापरलेले, नाव काढलेले

"एवढ्याशा वस्तूवर तुम्हाला सुटतं तरी काय हो?" हा प्रश्न मला आजवर इतक्या जणांनी विचारला आहे, की तेवढी गिऱ्हाइकं मिळाली असती तर मी हडपसर सोडून कुठल्यातरी टेकडीवर बंगला बांधला असता. विचारणारा बहुतेक वेळा साठ रुपयांची वस्तू चाळीसला मागत असतो. म्हणजे माझ्या फायद्याची काळजी त्यालाच जास्त.

माझा धंदा जुन्या भांड्यांचा. दुकान नाही, हातगाडी नाही, डोक्यावर टोपली नाही. एक मोबाइल, एक खिडकी, एक वजनकाटा आणि घरातली मागची खोली. लोकांनी वापरून बाजूला टाकलेली स्टीलची, पितळेची भांडी मी विकत घेते, घासूनपुसून त्यांचे फोटो इंटरनेटवर टाकते आणि ज्याला हवं त्याला पाठवून देते. समया, घंगाळं, पानदान असलं दिवाणखान्यात मिरवायचं सामान माझ्याकडे नसतं. ते विकणारे वेगळे, त्यांच्याकडे एसी असतो. माझ्याकडे वाट्या, गाळणी, डब्याचा मधला पुडा, कुकरचं झाकण. कुणाचं झाकण हरवलेलं असतं आणि कुणाकडे नुसतं झाकण उरलेलं असतं, त्या दोघांची गाठ घालून द्यायची. वधूवर सूचक मंडळच म्हणा, फक्त इथे पत्रिकेऐवजी व्यास जुळवायचा.

त्याआधी वीस वर्षं मी इथल्याच एका कारखान्यात रेडिओचे सुटे भाग जोडत होते. परदेशातून स्वस्त माल यायला लागला आणि आमचा कारखाना आधी दोन पाळ्यांवर, मग एका पाळीवर आणि मग स्वेच्छानिवृत्तीवर आला. स्वेच्छा नेमकी कुणाची होती, ते मला अजून कळलेलं नाही. पुढं त्याच भागात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि माझी मुलगी प्रज्ञा त्यातल्याच एकीत नोकरीला लागली. ज्या बदलानं आईला घरी बसवलं, त्यानंच मुलीला खुर्ची दिली. आता तक्रार करायची तरी कुणाकडे?

सुरुवात प्रज्ञानंच करून दिली. आमचा मिक्सर जळाला होता आणि त्याची भांडी मात्र धडधाकट होती. ती म्हणाली, "आई, टाकू नकोस, ऑनलाइन टाकू." मला वाटलं, टाकायचंच आहे तर कचऱ्यात काय वाईट? तिनं फोटो काढला, दोन ओळी लिहिल्या, आणि संध्याकाळपर्यंत तीन फोन आले. एक बाई तर थेट वारज्याहून दोन बस बदलून आल्या. त्यांच्याकडे त्याच जातीचा मिक्सर होता, मोटर ठणठणीत आणि भांडं फुटलेलं. भांडं हातात घेतल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो वीस वर्षांत माझ्या हातच्या एकाही रेडिओनं मला दाखवला नव्हता. रेडिओ कोण घेतो ते आम्हाला कुठं दिसायचं! त्या दिवशी मी ठरवलं की हेच करायचं.

आता सुटतं काय, ते सांगून टाकते. स्वस्त वस्तूच्या धंद्यात फायदा विकताना होत नाही, घेताना होतो. भंगारवाला देतो त्याहून चार पैसे जास्त द्यायचे, म्हणजे लोक आपल्याला आधी बोलावतात. घेताना फुटणारं घ्यायचं नाही. जड घ्यायचं नाही, कारण पाठवणावळ वजनावर असते आणि चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही. एक वाटी कधी विकायची नाही, सहा विकायच्या. आमचे अहो टपाल खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांची पार्सलं हाताळल्यामुळे पार्सल कुठून फुटतं हे त्यांना पाठ. जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्यांत वाट्या अशा बसवतात, की खोका हलवला तर आवाज येता कामा नये. आवाज आला तर पुन्हा सोडतात. माझ्याशी बोलताना एवढा धीर त्यांनी कधी दाखवलेला नाही.

फोटोचं तंत्र शिकायला मला सहा महिने लागले. स्टील म्हणजे आरसाच. पहिल्या पहिल्या दिवसांत एका गृहस्थांनी कळवलं, "वाटी चांगली आहे, पण तिच्यात आपण गाऊनवर दिसता आहात. डोक्याला मेंदीही दिसते." तेव्हापासून मी खिडकीला पांढरी चादर लावते, भांडं निळ्या कापडावर ठेवते आणि स्वतः बाजूला उभी राहून हात लांब करून फोटो काढते. शिवाय केस आधी विंचरते. न जाणो.

आणि वर्णन लिहिताना दोष आधी लिहायचा, हा माझा नियम. 'डबा. तळाला पोचा. झाकण बसते, पण दोनदा सांगावे लागते.' 'चहाची गाळणी. एका कडेने पत्ती सुटते. ज्यांना चावायला आवडते त्यांनी घ्यावी.' प्रज्ञा म्हणायची, "आई, हे वाचून कोण घेईल?" पण घेतात. पुण्यात गोड बोलणाऱ्या दुकानदाराचा लोकांना आधी संशय येतो. दोष आधी सांगितला की मग किमतीवर घासाघीस करायला त्यांच्याकडे मुद्दाच उरत नाही.

तरी गिऱ्हाइकं भेटतात एकेक. एक निवृत्त प्राध्यापक चाळीस रुपयांच्या चिमट्याची 'प्रत्यक्ष पाहणी' करायला कोथरूडहून स्कूटरवर आले. खिशातून लोहचुंबक काढलं आणि चिमट्याला लावून बघितलं. चांगलं स्टील चुंबकाला चिकटत नाही म्हणतात. चिकटलं नाही. मग त्यांनी आमच्या पाण्याच्या पिंपाला लावलं, जेवणाच्या ताटांना लावलं, कपाटाच्या दाराला लावलं, तिथं मात्र चिकटलं. "कपाट बदला," म्हणाले. मी म्हटलं, "आपण कपाट घ्यायला आला आहात का?" चिमटा घेऊन गेले आणि महिन्याभरानं पुन्हा आले, या वेळी उलथन्यासाठी. आता ते नुसते फोन करतात, चुंबक आणत नाहीत. विश्वास बसायला लोकांना वेळ लागतो, पण एकदा बसला की हलत नाही.

हे सगळं मी अभिमानानं सांगते आहे. आता ज्याचा अभिमान नाही ते सांगते.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची रीत आहे. लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीला, डोहाळजेवणाला भांडं द्यायचं आणि त्यावर कुणी, कुणाला, कधी दिलं ते कोरून ठेवायचं. हल्ली विजेच्या यंत्रानं कोरतात, पूर्वी छिन्नीनं टिंबाटिंबांनी ठोकायचे. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सात भांड्यांवर कुणाचं ना कुणाचं नाव असायचं. आणि दुसऱ्याच्या नावाचं भांडं लोक घेत नाहीत. 'अमक्यांकडून सप्रेम भेट' असं लिहिलेल्या वाटीत पाहुण्यांना श्रीखंड कसं द्यायचं? म्हणून मी ती भांडी एकगठ्ठा अन्वरभाईंकडे न्यायची. ते आमच्याच भागात पॉलिशचं काम करतात. फिरत्या पट्ट्यावर भांडं धरलं, की दोन मिनिटांत नाव साफ. "नाम गया ताई, डबा नवा झाला," असं म्हणत ते भांडं माझ्या हातात द्यायचे. नाव गेलं की किंमत दीडपट व्हायची.

खरं सांगायचं तर मला त्यात नुसता फायदा दिसत नव्हता, जरा मजाही वाटत होती. माझी आई पेठेत चार घरी भांडी घासायची. आम्ही बौद्ध. काही घरांत तिला माजघरापर्यंत जाता यायचं, काही घरांत मोरीपर्यंतच. जुनं झालेलं, पोचा आलेलं भांडं कुणी तिला देऊन टाकायचं, ते ती घरी आणायची. त्यामुळे आमच्या घरात सगळी भांडी होती, पण एकावरही आमचं नाव नव्हतं. पाणी प्यायचं तर कुणा कुलकर्ण्यांच्या मुंजीच्या पेल्यातून. शाळेतली मैत्रीण घरी आली की मी पेल्यावरचं नाव अंगठ्यानं झाकून पाणी द्यायची. असं लहानपण गेलेल्या बाईला त्या नावांचं काय प्रेम असणार? अन्वरभाईंच्या पट्ट्यावर एकेक नाव उडायचं तेव्हा मी शेजारी उभी राहून बघायची, आणि कधी कधी चहा पीत बघायची. कुणाचं नाव आहे हे मी वाचतसुद्धा नव्हते.

मग विनायकरावांचा फोन आला.

विनायकराव नारायण पेठेतले, बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांची इमारत पाडून नवी बांधायची होती आणि तोवर आईला घेऊन कात्रजच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. नवी जागा लहान, म्हणून त्यांनी पोतंभर भांडी मला दिली होती. आई तेव्हा आठ दिवस मुलीकडे गेल्या होत्या. 'त्या असत्या तर एक चमचा हलू दिला नसता,' असं तेच हसत म्हणाले होते. ते पोतं मी नेलं, त्यातली नावं नेहमीप्रमाणे काढून आणली आणि पंधरा दिवसांत निम्मी भांडी विकूनही टाकली.

फोनवर त्यांचा आवाज पार बसलेला होता. "अहो सुजाताताई, घोटाळा झालाय. त्या पोत्यात एक पितळेचं फुलपात्र होतं का?"

"होतं. एकच होतं."

"ते आईला परत हवंय. इमारतीतली सगळी बिऱ्हाडं गेली. पाण्याचं कनेक्शन परवा तोडणार आहेत. सामान पुढं गेलंय आणि आई म्हणते, फुलपात्र येईपर्यंत मी घर सोडणार नाही. दोन दिवस खुर्चीवर बसून आहे. मी तसंच नवीन आणून दिलं, तर म्हणाली, हे तू वापर."

"दुसरं काही नकोय त्यांना? एवढं पोतं होतं."

"तेच तर! म्हटलं, आई, सगळ्याच भांड्यांवर तुझं नाव होतं, त्याचंच काय एवढं? तर माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढं बोललोच नाही."

मी म्हटलं, बघते. फोन ठेवून विक्रीची नोंद काढली. फुलपात्र विकलं गेलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यावरचं नाव अन्वरभाईंच्या पट्ट्यावर गेलं होतं.

विकत घेणारी मुलगी सुदैवानं जवळच निघाली. अंकिता तिचं नाव, मूळची परभणीची. आयटी पार्कात नोकरी आणि मागच्या गल्लीत खोली. मी गेले तेव्हा फुलपात्र तिच्या लॅपटॉपशेजारीच होतं, पाणी भरलेलं. मी सगळं सांगितलं. तिनं उरलेलं पाणी एका घोटात संपवलं आणि फुलपात्र पुसून माझ्या हातात दिलं.

"घेऊन जा ना काकू. सिरीयसली, त्या आजी दोन दिवस बसून आहेत?"

मी तिला बदल्यात स्टीलचे दोन पेले नेले होते. ते उलटसुलट बघून ती म्हणाली, "यांच्यावर पण नाव नाहीये. तुम्ही काढता का? का काढता? मला तर नाव असलेलंच आवडलं असतं. म्हणजे, कुणाचं तरी होतं असं वाटतं ना. आमच्या रूमवर सगळं नवीन आहे आणि कुणाचंच नाहीये."

मी फुलपात्र पिशवीत ठेवलं. इतकी वर्षं जे काढायला मी पैसे मोजत होते, ते या मुलीला पैसे देऊन हवं होतं. धंद्यातलं एवढं साधं मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकायला हा दिवस मिळावा!

फुलपात्र तर मिळालं. आता नावाचं काय? इथे मी जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण दोष आधी लिहिणाऱ्या बाईनं स्वतःचा लपवू नये. मी विनायकरावांना फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्यावर नाव नेमकं काय होतं हो? खात्री करून घेते."

"आईचंच. मालती."

मी बस पकडून गावात गेले. भांड्यांच्या बाजारात नाव घालून देणारा एक जण बसतो, त्याच्याकडून 'मालती' कोरून घेतलं. अक्षरं नवीकोरी चमकत होती, म्हणून जरा तेल आणि काजळी चोळली. जुनं दिसायला लागलं. म्हातारी बाई, डोळ्यांत मोतीबिंदू असणारच, तिला काय कळतंय, असा माझा हिशेब. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात ते खरं. तिथून नारायण पेठेपर्यंत चालत जाताना रस्त्यातला प्रत्येक माणूस माझ्या पिशवीकडेच बघतो आहे असं मला वाटत होतं.

तिसरा मजला. जिन्यावर कुणी नाही, दारं उघडी, भिंतींवर कॅलेंडरांच्या चौकोनी खुणा. आतल्या खोलीत मधोमध एक घडीची खुर्ची आणि तीवर आजी. ऐंशीच्या पुढच्या, नऊवारी, पाठ ताठ. शेजारी जमिनीवर कापडी पिशवी. विनायकराव खिडकीत उभे.

"आपणच का त्या भांडीवाल्या?" आजींनी विचारलं.

"हो."

"बसा म्हटलं असतं. पण काही ठेवलं नाहीत."

"मी भांडी नेली आजी, खुर्च्या नाही."

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. उत्तर आवडलं असावं. मी पिशवीतून फुलपात्र काढून त्यांच्या हातात दिलं. विनायकरावांनी सुटकेचा श्वास सोडला आणि कुलपाची किल्ली खिशातून काढली.

आजींनी फुलपात्र डोळ्यांजवळ नेलं. मग लांब धरलं.

"हे माझं नाव नाही."

"आई, मालती लिहिलंय," विनायकराव म्हणाले.

"वाचता येतं मला. आणि ही यंत्राची अक्षरं आहेत. माझ्या नावाची टिंबं होती." मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, "कुणी केलं हे?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण खरंच बाहेर पडलं. मी सांगून टाकलं. नाव घासून काढलं, धंद्याची रीत म्हणून काढलं, कुणाचं आहे हे न वाचता काढलं आणि आज तुम्हाला फसवायला नवीन घालून आणलं. सांगताना मला माझ्या आईची आठवण झाली. कुणाच्या घरचं भांडं हातून फुटलं की ती मोरीत उभी राहून अशीच कबूल करायची. मी पुढच्या दारानं आले होते, तरी उभी तशीच होते. लोकांच्या नावांवर मी सूड उगवत होते की काय, हा विचार त्या रिकाम्या खोलीत पहिल्यांदा माझ्या मनात आला आणि मला फार वाईट वाटलं. नावं घालून ज्यांनी मिरवलं, त्यांचं काही गेलं नव्हतं. गेलं होतं ते या बाईचं.

"अहो, मग आता..." विनायकराव गडबडले. "आई, आपण पुन्हा टिंबांनी घालून घेऊ. मालतीच ना?"

आजींनी डोळे मिटले. त्यांनी फुलपात्र डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताचं बोट आत घातलं. हळूहळू फिरवलं. एका जागी थांबल्या. तिथून पुन्हा मागे आल्या. मग मला म्हणाल्या, "इकडे या. बोट घाला."

मी घातलं. आतल्या बाजूला, पितळेच्या गुळगुळीत अंगावर, बारीक बारीक उंचवटे लागले. मला क्षणभर समजलं नाही. मग उमगलं. छिन्नीनं ठोकताना पातळ पितळेवर प्रत्येक टिंबाचा आतून फोड आलेला असतो. अन्वरभाईंचा पट्टा बाहेरून फिरला होता. आत पट्टा जातच नाही.

"साठ-पासष्ट वर्षं रोज घासलंय," आजी म्हणाल्या. "बाहेरचं कधीच झिजून अंधूक झालं होतं. मी बोटानंच वाचते."

विनायकरावांनी फुलपात्र घेतलं आणि खिडकीपाशी नेलं. उजेड आत पडेल असं तिरपं धरलं, डोकं वाकडं केलं. "उलटं दिसतंय... पहिलं 'कु.' आहे. मग... वे. वे आणि णू." त्यांनी मान वर केली. "वेणू? आई, ही वेणू कोण?"

"मी."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. विनायकरावांनी खिडकी लावून घेतली.

"लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि त्यावर अंगठीनं मालती लिहिलं," आजी म्हणाल्या. "तुझ्या वडिलांच्या मावशीला ते नाव आवडायचं. मला कुणी विचारलं नाही. तशी रीतच होती. त्या दिवसापासून वेणू म्हणून मला हाक मारणारी माणसं माहेरी होती, तीही एकेक करून गेली. आता हे फुलपात्र तेवढं आहे."

"पण हे मिळालं कुठून तुला?"

"बक्षीस. गावच्या नदीवर मुलींची शर्यत लावली होती. या काठावरून त्या काठापर्यंत. पहिली आले."

विनायकराव बघतच राहिले. साठ वर्षांचा मुलगा, आईबरोबर एका घरात जन्म काढलेला. "तुला पोहता येतं?"

"येतं," आजी म्हणाल्या.

मी म्हटलं, "आजी, बाहेरचं मालती मी आत्ता जाऊन काढून आणते. पैसे नकोत."

त्यांनी फुलपात्र परत घेतलं, बाहेरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काजळी लागली, ती त्यांनी बघितली आणि पदराला न पुसता मुलाच्या रुमालाला पुसली. "असू दे. तेही पुष्कळ वापरलंय मी." मग मला विचारलं, "तुमचं नाव काय?"

"सुजाता."

"लग्नाआधीचं?"

"तेच. आमच्याकडे बदललं नाही."

"बरं झालं," म्हणाल्या. मग फुलपात्र कापडी पिशवीत सगळ्यात वर ठेवून खुर्चीचा हात धरून उठल्या.

त्या दिवसानंतर मी एकाही भांड्यावरचं नाव काढलेलं नाही. आता वर्णनात दोषाच्या जागी नावच आधी लिहिते, आणि अंकितासारखी पोरं ती भांडी शोधून शोधून घेतात. कधीमधी कुणीतरी आपल्याच घरातलं नाव ओळखून फोन करतं, मग ते भांडं मी त्यालाच देते. धंदा वाढलाच, पण आधी पट्ट्यावर गेलेली नावं कुठून आणू? अन्वरभाई विचारतात, "ताई, नाराज आहे का?" मी त्यांच्याकडे आता फक्त तळाचे पोचे काढून घेते.

त्या दुपारी विनायकरावांनी खुर्चीची घडी केली आणि दाराला कुलूप लावलं. मी आजींचा हात धरला. जिना उतरताना त्या प्रत्येक पायरीवर थांबत होत्या, पण मागे वळून त्यांनी एकदाही बघितलं नाही. खाली रिक्षा उभी होती. आजी आत बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. विनायकराव शेजारी बसले, पण त्यांचं लक्ष रस्त्याकडे नव्हतं. आपल्या आईकडे ते असे बघत होते, जसं आपण नवीन ओळख झालेल्या माणसाकडे बघतो.

"किती रुंद होती नदी?" त्यांनी विचारलं.

आजींनी पदर सावरला, रिक्षावाल्याला "सावकाश चला हो" म्हणून सांगितलं, आणि मुलाकडे वळल्या.

"कात्रज लांब आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगते."